हिवरमधला व आणि परत येणारे मेल

हे मले आत्ताच सांगू द्या. टेबलावर तीन प्रिंटर उघडे पडले आहेत, सर तिकडून आवाज देऊन राहिले, चहावर साय आली, पण हे सांगितल्याशिवाय मले दुसरं काही सुचणार नाही.

तर मी अकोल्यात. बियाणं तपासायच्या एका लॅबमधी. समोर लॅपटॉप, खिडकीत कुलर, अन् कुलरचे शिंतोडे बरोबर माझ्या पाठीवर. मी 'सेंड' दाबलं. मेल गेला. मी दोन्ही हात वर केले, लॅबमधल्या दोघी पोरी टाळ्या वाजवणार तेवढ्यात, टिंग. मेल परत.

पुन्हा पाठवला. टिंग. परत.

लॅबच्या मालकीण वानखडे मॅडम ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडून सोयाबीनचे अंकुर मोजून राहिल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मयुरी, हा टिंग चांगला की वाईट?"

"वाईट, मॅडम."

"मंग किती येळा वाजवशीन?"

मयुरी म्हणजे मी. अमरावतीत आयटीच्या एका छोट्या दुकानात काम करते. कंपनी म्हटलं की आमचे गावंडे सर स्वतःच हसतात, म्हणून दुकान. सीसीटीव्ही, बिलिंगचं सॉफ्टवेअर, शाळेचे प्रिंटर, जे येईन ते करतो. पण मेल सर्व्हर? तो आमी कोणीच कधी लावला नव्हता. मले भल्ली हौस, म्हणून मी उडी मारली.

मेल सर्व्हर म्हणजे काय, एका ओळीत सांगते. तुमी मेल पाठवता तेव्हा तो एखाद्या मोठ्या कंपनीच्या मशीनमधून जाते. ते त्यायचं पोस्ट ऑफिस. मेल सर्व्हर लावणं म्हणजे आपलं स्वतःचं पोस्ट ऑफिस उघडणं. आपलंच मशीन, आपलाच पोस्टमन, आपलाच शिक्का.

आता तुमी म्हणसान, फुकटचं असतानी हे कोण करते? सरही हेच म्हणाले होते. पण मॅडम एकदा पोळल्या होत्या. मागच्या हंगामात ऐन पेरणीच्या तोंडावर त्यायनं एकाच दमात सगळ्या शेतकऱ्यायले रिपोर्ट पाठवले. फुकटवाल्या कंपनीच्या मशीनले वाटलं, हा स्पॅम आहे. खातं बंद. सगळे रिपोर्ट आत, मॅडम बाहेर. तक्रार करा तं तिकडे बोलायले माणूसच नाही, एकेक फॉर्म भरत जायचं. खातं उघडलं तेव्हा लोकायची पेरणी होऊन गेली होती.

म्हणून मॅडमचं ठरलेलं. "माझी पेटी माझ्या लॅबमधी पाह्यजे. कुलूप लागलं तं चावी कोणाजवळ आहे ते मले माहीत पाह्यजे."

अन् या वेळी गोष्ट मोठी होती. अकोला-अमरावतीकडच्या बऱ्याच शेतकरी गटायनं मिळून एक कंपनी काढली आहे. आपल्याकडे घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवतात, पण ते उगवन का, किती उगवन, हे पेरायच्या आधी तपासून घेणं बरं. त्या कंपनीले अख्ख्या हंगामासाठी एक लॅब पाह्यजे होती. नमुने मॅडमकडे आले होते. अट अशी, की प्रत्येक गटाच्या सचिवाले रिपोर्ट मेलवर, लॅबच्या स्वतःच्या पत्त्यावरून, शनिवारच्या मीटिंगच्या आधी मिळाला पाह्यजे. व्हॉट्सअ‍ॅप चालणार नाही. कोणीतरी मागं रिपोर्टचा फोटो एडिट करून फिरवला होता म्हणे.

मॅडम आधी एका बियाण्याच्या कंपनीत होत्या. अंकुर त्या मोजायच्या, सही साहेबाची. अन् साहेब सही करताना आकडा कधीकधी जराक वर सरकवायचे. मॅडमनं ती नोकरी सोडून ही लॅब टाकली. "हे काम नाही भेटलं, तं मले पुन्हा कोणाच्या तरी सहीखाली जावं लागन," असं त्या मले पहिल्याच दिवशी सांगून मोकळ्या झाल्या होत्या. रडगाणं नाही, काही नाही. चहात साखर किती टाकू हे विचारावं, तेवढ्याच आवाजात.

अन् त्या दिवशी गुरुवार होता.

पहिली अडचण सोपी होती. मेल बाहेर जायचा एक ठरलेला दरवाजा असते, पोर्ट पंचवीस. स्पॅमवाले तिथूनच घुसतात म्हणून इंटरनेट देणारे तो बंद ठेवतात. लॅबले लाइन दिलेली तिथल्याच एका छोट्या इंटरनेटवाल्यानं. त्यायचा भूषणभाऊ म्हणजे सोन्यासारखा माणूस, फोन उचलते! त्यानं दरवाजा उघडून दिला.

दुसरी अडचण सहीची. प्रत्येक मेलवर आपला सर्व्हर एक गुप्त सही करते अन् ती ओळखायची किल्ली आपण इंटरनेटवर जाहीर ठेवतो. याले डीकेआयएम म्हणतात. ती किल्ली म्हणजे भली लांबलचक अक्षरायची माळ. मी कॉपी-पेस्ट केली अन् मधातच कुठी तरी एक जागा सुटली. एक स्पेस! तेवढ्यानं सही खोटी ठरली. ते सापडलं, नीट केलं, एक मेल शेतकरी कंपनीच्या ऑफिसले पाठवला. पोचला! त्यायच्या क्लार्कनं फोन करून सांगितलं, "मॅडम, आला हो."

मी खुर्चीवर बसल्या बसल्या गोल फिरली.

मग गटाच्या सचिवायले पाठवायले घेतलं. सगळ्या सचिवायचे पत्ते त्या मोठ्या फुकटवाल्या मेलचे. अन् तिथूनच हे टिंग, टिंग, टिंग.

परत आलेल्या मेलसोबत एक चिठ्ठी येते, का परत पाठवला ते सांगणारी. इंग्रजीत, लांब, चिडल्यासारखी. मी वाचली. मतलब असा होता, की ज्या नंबरावरून हा मेल आला त्या नंबरले नावच नाही, किंवा ते नाव फिरून या नंबरशी जुळत नाही.

हे जरा समजावून सांगते, कारण सगळी गंमत याच्यातच आहे.

इंटरनेटवर प्रत्येक मशीनले नंबर असते. नाव सांगितलं की नंबर मिळते, हे सरळ. पण मेल घेणारी मोठी कंपनी उलटंही विचारते. नंबर सांगून नाव विचारते. आपल्याकडे पोरीले स्थळ आलं की कसं करतात? पोराले विचारतात, तू कोण्या गावचा? मग त्या गावात फोन लावून विचारतात, हा पोरगा तुमचाच का? दोन्हीकडून उत्तर जुळलं तरच चहा-पोहे. जुळलं नाही तं दारातूनच राम राम. तसंच हे. नंबर म्हणते, माझं नाव अमुक. मग त्या नावाले विचारायचं, तुहा नंबर कोणता? तोच नंबर निघाला तरच मेल आत. ही उलटी नोंद आपल्या हातात नसते. ज्याचा नंबर आहे तो, म्हणजे इंटरनेटवालाच, ती करू शकते.

मी भूषणभाऊले आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर नाव लिहून दिलं होतं, त्यानं नोंद केल्याचंही सांगितलं होतं. तरी मी तपासलं. नंबर टाकला, नाव आलं. मेल डॉट हिवरलॅब. नाव आहे! म्हणजे ही भानगड नाहीच, असं मी ठरवून टाकलं.

मॅडमचं मूळ गाव हिवरखेड, म्हणून लॅबचं नाव हिवर.

मग मी सर्व्हर तपासणाऱ्या एका वेबसाइटवर गेली. तिनं सगळीकडे हिरवं दाखवलं अन् एका जागी लाल. म्हणे, दोन नावं जुळत नाहीत. खाली दोन्ही नावं, एकाखाली एक. मी वाचली. हिवरलॅब. हिवरलॅब. मी मॅडमले बोलावलं. त्यायनं चष्मा वर करून वाचलं. "सारखंच तं आहे." मी स्क्रीनशॉट काढून सरांकडे पाठवला.

सरांचा फोन आला. "मयुरी, दोन्ही सारखेच आहेत ना वं. साइट येडी आहे ते."

"मलेही तेच वाटलं, सर."

"मंग आता?"

"पाह्यते ना."

"काय पाह्यते? सकाळपासून पाहूनच राहिली. मी तुले आधीच म्हटलं होतं, आजच्या जमान्यात घरी मेल सर्व्हर कोणी लावते का? भाड्यानं मेल पाठवणाऱ्या कंपन्या आहेत. त्यातली एक घे, त्यायच्या मशीनमधून पाठव अन् ये वापस. इथं नर्सिंग होमच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर बंद पडला, तो माणूस माह्या छातीवर बसला आहे."

मी तेही केलं. खरंच केलं, हट्ट म्हणून बसून नाही राहिली. भाड्याच्या एका कंपनीत खातं उघडलं. त्यायचं उत्तर आलं, तुमचं खातं आमी तपासून राहिलो, कामाच्या काही दिवसांत कळवू. कामाचे दिवस! इथं माह्याजवळ शनिवारच्या पुढचा दिवसच नव्हता.

मग शंका आली, की हा नंबर आधी कोण्या स्पॅमवाल्याकडे असन, म्हणून काळ्या यादीत असन. सगळ्या याद्या पाह्यल्या. नाही. सर्व्हरचं घड्याळ मागं-पुढं असन. नाही, बरोबर होतं. अकोल्यातली गरमी पाहून लॅबमधल्या पोरींनी सर्व्हर उचलून अंकुरायच्या एसी रूममधी ठेवला होता. तिथं गार होतं खरं, पण हवेत इतका ओलावा की भिंतीले घाम! तिथून तो उचलला, बाहेर आणला, फडक्यानं पुसला, सुरू केला. टिंग. परत.

मॅडम डबा घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या. भाकरी, ठेचा, कांदा. "खाय आधी."

"मॅडम, होते हे. नक्की होते. कायतरी एकच बारीक गोष्ट आहे, ती लपून बसली."

"मले माहीत आहे होते म्हणून. अंकुरही तसाच असते. शंभर दाणे ठेवले अन् सगळे उगवले नाहीत तं बियाणं खराब म्हणायच्या आधी मी पाणी पाह्यते, कागद पाह्यते, गरमी पाह्यते. अन् मंग पुन्हा ठेवते. तू बी पुन्हा ठेव."

मले एकदम जोर आला. ठीक आहे, पुन्हा ठेवू. पहिल्यापासून. जे जे मी 'बरोबर आहे' म्हणून सोडलं ते सगळं पुन्हा. चिठ्ठी जर म्हणते की नाव जुळत नाही, तं ती खोटं काहून बोलन? तिले माह्याशी काय दुश्मनी?

मी भूषणभाऊले फोन लावला अन् स्पीकरवर टाकला, कारण एका हातात भाकरी.

"भाऊ, तुमच्या स्क्रीनवर आमच्या नंबरसमोर नाव काय आहे?"

"हिवरलॅबच आहे ना, ताई. मेल डॉट हिवरलॅब. मीच टाकलं."

"तसं नाही. एकेक अक्षर सांगा."

"आता माही शाळा घेता का?"

"घेते. सांगा."

"बरं बाप्पा. एम, ए, आय, एल, डॉट. मंग एच, आय, व्ही..."

मागं मॅडमच्या हातातून डब्याचं झाकण खाली पडलं. "ओ भाऊ! एचआयव्ही नाही म्हणायचं माह्या लॅबले!"

माह्या भाकरीचा घास तोंडातच.

"भाऊ," मी म्हटलं, "व्ही?"

"हाव, व्ही. हिवरचा व."

"मी तुमाले डब्ल्यू लिहून दिला होता."

"दिला असन. म्या पाह्यलं, हिवरलॅब लिहिलं होतं, मंग टाइप करतानी जसं तोंडात आलं तसं टाकलं. ताई, व म्हणजे व. त्यात काय?"

त्यात काय! अहो, त्यातच सगळं! मी वेबसाइटवरची ती दोन नावं पुन्हा उघडली. वरच्यात डब्ल्यू. खालच्यात व्ही. माझ्या डोळ्यासमोर, लाल रंगात, सकाळपासून! मी वाचलं, मॅडमनं वाचलं, सरांनी वाचलं. तिघायलेही हिवर दिसलं, कारण आपल्याले दोन्ही अक्षरं वाचली की मनात एकच व उमटते. मशीनच्या मनात व नाही. तिच्यासाठी व्ही वेगळा, डब्ल्यू वेगळा. तिनं व्हीवाल्या नावाले विचारलं, तुहा नंबर कोणता? अन् त्या नावाचं तं जगात कोणी नव्हतंच. तं दारातूनच राम राम.

मी सरांना फोन करून सांगितलं. सर इतके हसले की मले फोन कानापासून दूर धरावा लागला. "अवं, माह्या आधारवर गावंडे डब्ल्यूनं आहे, पॅनवर व्हीनं. बँकेनं मले सहा महिने दोन माणसं समजलं. अन् मीच ओळखलं नाही!"

मॅडम म्हणाल्या, "आमच्या घरात मी डब्ल्यूची वानखडे, अन् माहा भाऊ व्हीचा. मास्तरच्या मनात जे आलं ते."

"पण मॅडम, एचआयव्हीवर तुमी इतक्या काहून भडकल्या?"

त्या पहिल्यांदा हसल्या. लॅब उघडली तेव्हा पेंटरनं इंग्रजी पाटी रंगवली होती. त्यानं व्ही टाकला, अन् जागा पुरली नाही म्हणून पुढचे दोन अक्षरं बारीक करून कोपऱ्यात कोंबले. रस्त्यावरून जाणाऱ्याले पहिले तीन मोठे अक्षरं दिसत अन् खाली 'टेस्टिंग लॅब'. "एक माणूस आला, तोंडाले दुपट्टा बांधलेला. हळूच म्हणे, मॅडम, रिपोर्ट गुपित राहते ना? मी म्हटलं, गुपित काहून? सोयाबीनचंच तं आहे. तो माह्याकडे पाह्यते, मी त्याच्याकडे. मंग समजलं. बिचाऱ्याले बसवलं, पाणी दिलं, सरकारी दवाखान्यात कुठी जायचं ते सांगितलं. अन् त्याच दिवशी पाटी उतरवली. तवापासून डब्ल्यू."

भूषणभाऊ फोनवरच होता. "ताई, आत्ता बदलतो म्हटलं असतं, पण हा नंबर आमच्या वरच्या कंपनीचा आहे. मागच्या टायमाले मी टाइप करून दिलं अन् तिथल्या माह्या ओळखीच्या माणसानं लगेच चढवलं, तो सुट्टीवर गेला. तक्रार टाकतो. सोमवारपर्यंत होईन."

सोमवार. मीटिंग शनिवारी.

मी भिंतीकडे पाहून राहिली. उलटी नोंद बदलता येत नाही. नंबर म्हणत राहीन, माझं नाव व्हीवालं हिवर. मग त्याले खोटं पाडण्यापेक्षा खरं केलं तं?

मी टाइप करायले लागली. व्हीवालं नाव कोणी घेतलं आहे का? नाही! मोकळं! म्हणजे ते नाव आपणच विकत घ्यायचं अन् त्याच्यापुढं आपलाच नंबर लिहायचा. मग मोठी कंपनी नंबरले विचारन, नाव काय? व्हीवालं. व्हीवाल्याले विचारन, नंबर काय? हाच. जुळलं! मेल जाईन डब्ल्यूच्याच नावानं, रिपोर्टवर डब्ल्यूच, फक्त दारातली ओळखपरेड व्ही करन.

मी हे सगळं एका दमात मॅडमले सांगितलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम!"

"नाही म्हणजे नाही. ते नाव मी एकदा उतरवलं. आता पैसे देऊन परत घेऊ?"

"पाटीवर नाही लागणार ते. रिपोर्टवर नाही. कोणत्याच माणसाले दिसणार नाही."

"आज नाही दिसणार. उद्या कोणाले दिसलं तं? गावात एकदा हसू झालं की तपासणीवरचा भरोसाही जाते. मी भरोसाच विकते बेटा, दुसरं काय विकते?"

खोटं बोलून समजूत काढायची नव्हती. मी त्यायले लॅपटॉपजवळ आणलं अन् लॅबले आलेला एक जुना मेल उघडला, त्याचा पोटातला मजकूर दाखवला. मेलच्या मागं अशा कितीतरी ओळी असतात, कोणत्या मशीननं कोणत्या मशीनले कधी काय विचारलं त्याच्या. "हे पाहा. ते नाव इथं येईन. या ओळीत. मुद्दाम शोधणारा माणूस शोधू शकते, हे मी नाकारत नाही. पण रिपोर्ट उघडणाऱ्याले वरती फक्त तुमचा डब्ल्यू दिसन."

मॅडमनं त्या ओळी खालपर्यंत वाचल्या. मग विचारलं, "तुही आजी अशा ओळी वाचते का?"

"माही आजी मेलच वाचत नाही."

"मंग घे. पण बिलावर, लेटरहेडवर, कुठीच ते नाव आलेलं मले चालणार नाही. मशीनचं मशीनजवळ राहू दे."

नाव घेतलं. मॅडमच्या फोनवर ओटीपी आला, तो त्यायनं असा सांगितला जसा काही एखादा रोगाचा रिपोर्ट वाचून दाखवून राहिल्या. नावापुढं नंबर लिहिला. अन् मी सेंड दाबलं.

टिंग. परत.

लॅबमधल्या पोरींचे चेहरे उतरले. पण या वेळी मी घाबरली नाही, कारण हे मले माहीत होतं. मोठ्या कंपनीच्या मशीननं सकाळपासून इतक्या वेळा विचारलं होतं की 'असं नाव नाही' हे तिच्या डोक्यात बसलं होतं. ते थोड्या वेळानं आपोआप निघून जाते. आपण फक्त हात बांधून बसायचं. तेच मले जमत नाही! मी सगळ्यांचा चहा केला. कुलरमधी पाणी भरलं. मॅडमनं मले अंकुर कसे मोजायचे ते शिकवलं. सरळ, वाकडा, मेलेला. मी चार वाकड्यांना सरळ म्हटलं, त्यायनं चारही परत काढून ठेवले.

मग पुन्हा सेंड.

टिंग नाही.

आमी सगळ्या स्क्रीनकडे पाहून राहिलो. टिंग नाही. मॅडमनं हिवरखेडच्या गटाच्या सचिवाले फोन लावला. "भाऊ, मेल पाहा बरं."

"पाह्यतो... हाव, आला. हिवर लॅब. उगवण पंचाऐंशी."

"नाव कसं दिसून राहिलं?"

"कसं म्हणजे? हिवर."

"कोणता व, भाऊ?"

"मॅडम, व म्हणजे व. कोणता काय?"

मॅडमनं माझ्याकडे पाह्यलं अन् फोन ठेवला.

उरलेले मेल मी एकदम नाही पाठवले. नवीन पोस्ट ऑफिस आहे, एकदम ढीग टाकला तं पुन्हा स्पॅम समजतीन. एक पाठवायचा, थांबायचं, मग दुसरा. शुक्रवारी दुपारपर्यंत सगळे गेले. दोन जणांच्या स्पॅमच्या खोक्यात पडले होते, त्यायले फोन करून बाहेर काढायले लावले. एका सचिवाचा पत्ताच चुकीचा होता, तो विचारून नीट केला. त्यानंतर मी अमरावतीची एसटी पकडली अन् बडनेऱ्यापर्यंत तोंड उघडं ठेवून झोपली.

शनिवारी मीटिंग झाली. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. अख्ख्या हंगामाची उगवण तपासणी मॅडमकडे. बियाण्यातली भेसळ पाहायचं काम दुसऱ्या लॅबले गेलं, कारण त्यायच्याकडे मशीन मोठं आहे. मॅडम म्हणाल्या, "तेवढं पुरे. सही माहीच राहीन." सर म्हणाले, "चांगलं केलं, आता तो डीव्हीआर पाहा." एवढीच माझी आरती.

पुढच्या आठवड्यात भूषणभाऊनं उलटी नोंद बदलून आणली. डब्ल्यूची. आता व्हीच्या नावाची गरज संपली, तं ते सोडून द्यायचं असं मॅडमचं मत. मी म्हटलं, सोडायच्या आधी एक करू. त्या नावावरही टपालपेटी लावू, कोणी चुकून लिहिलं तं पाहू.

लावली. अन् काय सांगू! पत्र यायले लागले. रिद्धपूरकडचा एक शेतकरी विचारून राहिला, नमुना किती आणू? परतवाड्याच्या एका बियाणे दुकानदारानं लिहिलं, 'मॅडम, दोन येळा मेल टाकला, परत येते, लॅब बंद झाली का?' तिसरा, चौथा. फोनवर पत्ता ऐकून लोकायनं आपल्या मनातला व टाकला होता. पाटी उतरवल्यापासून त्या व्हीच्या दारावर कितीक जण येऊन परत गेले असतीन, कोणाले माहीत. दार नव्हतंच तिथं, तं ठोकतीन कशावर?

मॅडमनं ते मेल एकेक करून वाचले. मग म्हणाल्या, "राहू दे ते नाव. दुकानदाराले लिही, लॅब सुरू आहे."

तर माझा शिकलेला धडा एवढाच. नाव तपासायचं असन तं नुसतं वाचू नका. डोळा आपल्याले पाह्यजे तेच वाचते. एकेक अक्षर मोठ्यानं म्हणा अन् समोरच्याकडूनही म्हणवून घ्या, तो शाळा घेता का म्हटला तरी.

आता तुमी सांगा. तुमच्या नावात, गावात, दुकानाच्या पाटीवर कुठी व आहे का? कोणता टाकला तुमी? अन् त्या दुसऱ्यावाल्या दारावर येऊन कोणी परत गेलं, असं तुमच्यासोबत कधी झालं का?